खुलासा : ‘निळ्या चंद्रकोरींचे नामशेष फुलपाखरू’ निसर्गात कधीच नव्हते

पिवळ्या पंखांवर काळे ठिपके आणि निळ्या चंद्रकोरी असलेल्या एका फुलपाखराचे चित्र ‘इंग्लंडमधून नामशेष झालेली प्रजाती, पॅपिलिओ एक्लिप्सिस’ अशा मजकुरासह सध्या फिरत आहे. सजीवांना शास्त्रीय नावे देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने तिचे नामकरण केले, हा त्यात पुरावा म्हणून दिला जातो. नामकरण खरे आहे. प्रजाती मात्र खरी नाही.

विल्यम चार्लटन यांनी पाठवलेल्या या फुलपाखराची नोंद लंडनचे संग्राहक जेम्स पेटिव्हर यांनी १७०२ मध्ये केली. ठिपके आणि चंद्रकोरी सोडल्यास ते ब्रिमस्टोन या नेहमीच्या पिवळ्या फुलपाखरासारखेच आहे आणि असे हे एकच आपल्या पाहण्यात आले आहे, असे पेटिव्हर यांनी तेव्हाच लिहिले होते. माझ्या मते पुढच्या अभ्यासकांनी या दोन वाक्यांकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते. लिनियसने १७६३ मध्ये त्याला स्वतंत्र प्रजातीचे नाव दिले, आणि १७९३ मध्ये, म्हणजे तब्बल तीस वर्षांनी, लिनियसचेच शिष्य फॅब्रिशियस यांनी ती सारी नक्षी पंखांवर हाताने रंगवलेली असल्याचे उघड केले. तशी दोन रंगवलेली फुलपाखरे लंडनच्या लिनियन सोसायटीच्या संग्रहात आजही आहेत, त्यामुळे छायाचित्र खरे असू शकते.

ब्रिमस्टोन युरोपात आजही सर्रास आढळते. प्रत्यक्षात नामशेष होत असलेल्या कीटकांविषयीच्या सूचनांवरचा लोकांचा विश्वास अशा मजकुराने कमी होतो; म्हणून तो पुढे पाठवू नये आणि ज्या गटांत आधीच पाठवला असेल, तेथे हा खुलासा द्यावा, ही कळकळीची विनंती.