भाड्याच्या घरातला संसार: जुनं काय घ्यावं, नवं काय

पुण्यात नव्याने लग्न झालेल्या अनेक जोडप्यांचा संसार ११ महिन्यांच्या भाडेकरारावर सुरू होतो. दोन-तीन वर्षांत एकदा तरी सगळं सामान टेम्पोत चढतं. घर लावताना मात्र हा टेम्पो कुणी हिशेबात धरत नाही. पहिल्याच महिन्यात बेड, सोफा, कपाट हप्त्यावर येतं आणि पहिल्या शिफ्टिंगलाच कपाटाची बिजागरी उपटून हातात येते. म्हणून माझं मत ठाम आहे. लाकूड, पितळ आणि बीड (ओतीव लोखंड) जुनं घ्या. फोम, रबर आणि गॅसला जोडायचं काहीही नवंच घ्या. पैसे तर वाचतातच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे वस्तू दुसऱ्या घरापर्यंत धड पोचते.

स्वस्तातलं नवं फर्निचर बहुतेक वेळा पार्टिकल बोर्डचं असतं, म्हणजे लाकडाचा चुरा गोंदात दाबून केलेली फळी. तिच्यात स्क्रू एकदाच घट्ट बसतो. काढून पुन्हा लावला की भोकातून भुसा सांडतो आणि पकड जाते. खालची कड रोज फरशी पुसताना ओली होते, फुगते आणि वरचा सनमायका सुटायला लागतो. जपून वापरून हे टळत नाही, कारण दोष फळीतच आहे. जुना सागवानी पलंग चार किंवा आठ बोल्टांवर उभा असतो. कितीही वेळा खोला, कितीही वेळा जोडा.

असे पलंग, टेबलं, कपाटं मिळतात कुठे? पेठांमधले वाडे आणि जुने बंगले पाडायला काढले की त्यांतलं सामान जुन्या फर्निचरच्या दुकानांत येतं. सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मे-जूनमध्ये लक्ष ठेवा. बदल्या आणि कॉलेजं संपण्याचे दिवस असतात, जागा रिकामी करायची घाई असते. पितळ, बीड, हत्यारं यांसाठी मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे, रविवारी आणि बुधवारी. सकाळी लवकर जा. जाताना मोजायची टेप, टॉर्च, छोटं लोहचुंबक, पांढरा कागद आणि ओलं पांढरं फडकं एवढं पिशवीत असू द्या. घराचा दरवाजा, लिफ्ट आणि जिन्याचं वळण यांची मापं मोबाइलमध्ये लिहून न्या. पलंग आवडला, पैसे दिले आणि तो जिन्याच्या वळणावर अडकला, ही चूक फार लोक करतात.

पलंगाच्या उशाकडचं कोरीव काम बघत बसू नका. खाली वाका आणि पॉलिश न लागलेली आतली बाजू बघा. तिथे काचपेपर दोनदा घासला की सागवान सोनेरी-तपकिरी दिसतं, हाताला किंचित तेलकट लागतं आणि कातड्यासारखा वास येतो. फळीची कड नीट पाहा. वरच्या रेषा कडेवरून वळून पुढे गेल्या असतील तर लाकूड अखंड आहे. कडेला वेगळी पट्टी चिकटवलेली असेल तर आत प्लायवूड आहे. प्लाय वाईट नसतं, पण त्याला सागवानाचा भाव देऊ नका.

मग कीड. पाय आणि पट्ट्या बोटाच्या पेरानं ठोकत जा. कुठे पोकळ आवाज आला किंवा मातीची रेघ दिसली तर वाळवी आहे, तो पलंग सोडा. टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोकं दिसली तर ती कीड जुनी आहे की अजून जिवंत, ते बघा. पलंग हलवा आणि खाली पांढरा कागद धरा. पिठासारखा ताजा भुसा पडला तर कीड आत काम करतेय. भोकं मेणानं बुजवलेली असतील तर विक्रेत्याला सगळं माहीत आहे, तिथून निघा.

ढेकूण सांध्यात आणि बोल्टच्या भोकांत असतात. तिथले काळे ठिपके ओल्या फडक्यानं पुसा. तांबूस डाग उमटला की समजायचं. पलंग फार आवडला असेल आणि भाव चांगला पाडून मिळत असेल, तर उन्हाळ्यात घेता येतो. सगळा खोलून गच्चीवर न्यायचा आणि प्रत्येक सांध्यात, प्रत्येक भोकात उकळतं पाणी ओतायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, कारण अंड्यांतून पिल्लं साधारण सहा ते दहा दिवसांत बाहेर येतात. दुसरी फेरी चुकवली तर पहिलीची मेहनत वाया. पावसाळ्यात या फंदात पडू नका, पलंग वाळतच नाही.

पॉलिश स्वतः करता येतं आणि दोघांनी मिळून करण्यासारखं याहून समाधानाचं काम नाही. आधी एका कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा घासा. जुनं पॉलिश चिकट होऊन बोळ्याला लागलं तर ते लाखेचं आहे, स्पिरिटनंच पुसून निघेल. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक, स्पिरिटला न विरघळणारी पॉलिशं आहेत, ती काचपेपरनंच काढावी लागतील. काचपेपर १२० नंबर, मग १८०, शेवटी ३२०, आणि कायम लाकडाच्या रेषांच्या दिशेनं. आडवा हात मारला तर ओरखडे पॉलिशखाली जास्तच उठून दिसतात. एक लिटर स्पिरिटला दीडशे ते दोनशे ग्रॅम चपडा लाख (लाखेच्या पातळ पापड्या) रात्रभर भिजवा. भांडं काचेचं किंवा प्लास्टिकचं घ्या, लोखंडी डब्यात लाख काळी पडते. सकाळी फडक्यातून गाळा. जुन्या मलमलीत कापूस गुंडाळून बोळा करा आणि पातळ हात द्या. अर्ध्या-पाऊण तासानं दुसरा. सहा ते आठ हात लागतात. घाईनं जाड हात दिला की बोळा अडकतो आणि सुरकुती पडते. स्पिरिट पेटतं, म्हणून खिडक्या उघड्या, गॅस बंद आणि देवापुढचा दिवासुद्धा शांत झालेला हवा.

दमट हवेत हे काम करायचं नाही. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि पॉलिश दुधाळ पांढरं पडतं. जेवणाच्या टेबलाला तर लाखेचं पॉलिश नकोच. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं. तिथे पीयू लावा.

पलंग जुना चालेल, पण गादी कधीही जुनी नको. जुने पलंग अनेकदा आजच्या मापात बसत नाहीत, म्हणून तयार गादीऐवजी गादी कारखान्यातून कापसाची भरून घ्या. डबल बेडवर एक मोठी घेण्यापेक्षा तीन बाय सहाच्या दोन सिंगल बऱ्या. एकेकीत साधारण आठ-दहा किलो कापूस जातो, एकट्यानं उचलून गच्चीवर ऊन देता येतं आणि कापूस दबला की पुन्हा पिंजून घेता येतो. फोम दबला की फेकण्यापलीकडे इलाज नाही.

भांड्यांत माझा जीव पितळेत आहे. जुन्या पितळेच्या पातेल्याला आधी चुंबक लावा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. त्या दिवशीचा पितळेचा मोडीचा भाव विचारून जा. वापरलेल्या भांड्याची किंमत मोडीच्या वर आणि नव्याच्या बरीच खाली असायला हवी. तळ आणि काठ यांच्या जोडावर पाणी ओतून बघा, झिरपतंय का. चेपा गेलेलं भांडं घ्यायला हरकत नाही, कसबा पेठेतल्या तांबट आळीत ते ठोकून सरळ होतं.

पण कल्हई, म्हणजे आतून कथलाचा पातळ थर, नसलेल्या पितळेत आमटी केली की ती कळकते. आंबटानं धातू सुटतो, चव जाते, मळमळतं. म्हणून स्वयंपाकाआधी कल्हई हवीच, आणि ती समोर उभं राहून करून घ्यावी. भांडं आधी लख्ख साफ व्हायला हवं, डाग राहिला तर कथील तिथे धरत नाही आणि काळा ठिपका उरतो. मग भट्टीवर तापवून नवसागर टाकतात, पांढरा धूर उठतो, कथलाची कांडी टेकवली की ते वितळतं आणि कापसाच्या बोळ्यानं एका दमात सगळीकडे फिरवतात. कथील महाग, म्हणून काही जण त्यात शिसं मिसळतात. अन्नाच्या भांड्यात शिसं म्हणजे विषच. कांडी हातात घ्या, कानाजवळ धरा आणि हळूच वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकरतं, सुकी काटकी मोडावी तसं. शिसं मुकाट्यानं वाकतं. हा आवाज एकदा ऐकला की विसरत नाही.

कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवायचं नाही. फोडणी वेगळ्या लोखंडी पळीत करून वरून घाला. तारेची घासणी बंद, नारळाचा काथ्या पुरे. आतून पिवळं दिसायला लागलं की पुन्हा कल्हई.

बिडाचा तवा विकत घेताना दोरीला टांगून चमच्यानं ठोका. ठणठणीत वाजला तर अखंड आहे, बद्द वाजला तर कुठेतरी तडा आहे. गंजाला घाबरू नका. जाड मीठ आणि तारेच्या घासणीनं घासा, लगेच गॅसवर वाळवा, तेलाचा अगदी पातळ हात देऊन धूर येईपर्यंत तापवा. असं चार-पाचदा केलं की घावन सुटायला लागतं. तेल जास्त लावलं तर चिकट थर बसतो आणि सगळं पुन्हा घासावं लागतं.

गॅसच्या बाबतीत काटकसर नको. रेग्युलेटर एजन्सीकडूनच, नळी आयएसआय खुणेची सुरक्षा होज, आणि ती पाच वर्षांनी बदलायचीच. जुना कुकर तळाला फुगलेला नसेल तरच घ्या, आणि रिंग व सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच दिवशी नवे बसवा.

घरमालकाचा पंखा हळू फिरत असेल तर आधी अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बदलून बघा, बहुतेक वेळा दोष तेवढाच असतो. शक्य असेल तर मात्र स्वतःचा बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, लावा. जुना पंखा ७५ वॉट खात असेल आणि नवा ३०, तर रोज १२ तासांच्या वापराला महिन्याला सोळा युनिट वाचतात. मालकाचा पंखा माळ्यावर जपून ठेवा, जाताना तो लावून आपला काढून न्यायचा.

आणि घर सोडताना पलंग खोलाल तेव्हा प्रत्येक सांध्याच्या दोन्ही बाजूंना खडूनं एकच आकडा घाला. बोल्ट, वॉशर आणि पाना कापडी पिशवीत घालून ती उशाकडच्या फळीलाच बांधा, खोक्यात टाकू नका. नव्या घरात पहिल्या रात्री सगळ्यात आधी लागतो तो पलंग, आणि बोल्टांचं खोकं कायम सगळ्यात खाली असतं.