‘पंधरा मिनिटं थांबला असता तर’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया रागाने लिहिलेली असली तरी मुद्द्याला धरून आहे, त्यामुळे दोन ओळींत उरकण्यापेक्षा सविस्तर लिहितो.

ज्यांनी आधीचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी: तो अमेरिकेतल्या अल्फॉन्स मॅडिन या ट्रकड्रायव्हरच्या खटल्यावर होता. कडाक्याच्या थंडीत बिघडलेला ट्रेलर सोडून गेला म्हणून त्याची नोकरी गेली होती. तुम्ही कळंबोलीचे वाहतूकदार, स्वतःच्या गाड्या असलेले. तुमचं म्हणणं असं की मॅडिनने कंपनीचा माल हायवेवर बेवारस टाकला. तो निघून गेल्यावर मेकॅनिक पंधरा मिनिटांत पोहोचला, तेवढाही दम याला निघाला नाही. खटला ऐकणाऱ्या अपील न्यायालयातले न्यायमूर्ती नील गॉरसच यांनीसुद्धा कंपनीचीच बाजू उचलून धरली. आणि शेवटी, ‘आपल्याकडे ड्रायव्हरवर कोणी बळजबरी करत नाही, जास्त फेऱ्या त्यांनाच हव्या असतात.’

आधी त्या पंधरा मिनिटांचं बघू. १४ जानेवारी २००९ ची रात्र, इलिनॉय राज्यातला आय-८८ महामार्ग, पारा शून्याच्या बराच खाली. अकरा वाजून गेल्यावर मॅडिन रस्त्याकडेला थांबला. डिझेल तळाला गेलं होतं आणि कंपनीने ठरवून दिलेला पंप सापडत नव्हता. पुन्हा निघायला गेला तर ट्रेलरचे ब्रेक गोठून जाम. केबिनमधला हीटर बंद. कंपनीला फोन केला, माणूस पाठवतो म्हणाले. त्याचा डोळा लागला. सव्वा वाजता नात्यातल्या भावाचा फोन आला म्हणून जाग आली, तेव्हा त्याची जीभ जड झाली होती आणि बोलण्यात सुसंगती नव्हती, असं त्या भावाने नंतर सांगितलं. पायांना स्पर्श कळत नव्हता. परत कंपनीला फोन. उत्तर काय, तर धीर धर. आणखी अर्धा तास गेला. मग त्याने ट्रेलर सोडवला आणि साहेबाला फोन लावला. साहेबाने दोन पर्याय दिले: ट्रेलर ओढत ने, नाहीतर तिथेच बस.

जाम ब्रेकचा ट्रेलर ओढायचा म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. चाकं फिरत नाहीत, नुसती फरफटतात, तीही हिवाळ्यातल्या हायवेवर, रात्री, मागून गाड्या येत असताना. तो नुसता पुढचा ट्रक घेऊन ऊब शोधायला गेला आणि मेकॅनिक आल्याचं कळताच परत आला. याला बेवारस टाकणं म्हणत नाहीत. पंधरा मिनिटांचा हिशोब आपण आज कोर्टाचे कागद समोर ठेवून करतो आहोत. त्याला त्या घडीला एवढंच ठाऊक होतं, की अडीच तासांत कोणी आलेलं नाही. आठवडाभरात त्याची नोकरी गेली.

आता गॉरसच. त्यांचा युक्तिवाद मला पटत नसला तरी मी तो हसण्यावारी नेत नाही. अमेरिकेच्या १९८२ च्या कायद्यानुसार गंभीर इजेच्या रास्त भीतीने जो ड्रायव्हर गाडी चालवायला नकार देतो, त्याला संरक्षण आहे. गॉरसच म्हणाले, याने नकार कुठे दिला? याने तर गाडी चालवली. कायद्याचा शब्द घट्ट धरला तर हे बरोबर दिसतं. पण नकार हा कुठल्यातरी हुकमाला असतो ना? हुकूम होता ट्रेलरसकट गाडी न्यायचा, आणि नेमकं तेच त्याने केलं नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये दहाव्या सर्किटच्या (म्हणजे तिथल्या एका विभागाच्या) अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक असा निकाल मॅडिनच्या बाजूने दिला. गॉरसच यांचं मत अल्पमतातलं होतं. तुमच्या प्रतिक्रियेत तेवढं सुटलंय.

तुमच्या बाजूने जाणारी एक गोष्ट मात्र मीच पुढे करतो. बहुमताने त्या वेळी ‘शेव्हरॉन’ तत्त्वाचा आधार घेतला होता: कायद्यात संदिग्धता असेल तर सरकारी यंत्रणेने लावलेला वाजवी अर्थ कोर्टाने मानावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व २८ जून २०२४ रोजी मोडीत काढलं. तेव्हा हाच खटला आज उभा राहिला तर तो मॅडिनच जिंकेल अशी पैज मी लावणार नाही. पण तिथे २०१६ पासून आणखी एक नियम आहे: ड्रायव्हरला सुरक्षेचे नियम मोडायला भाग पाडलं, तर ट्रकमालकासोबत माल पाठवणारी पार्टी आणि दलालही दंडाला पात्र ठरतात.

आपल्याकडे काय आहे? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास ही मर्यादा होती, पण पाच किंवा जास्त कामगार असतील तिथेच. दोन-तीन गाड्यांचा मालक त्यात येतच नव्हता. नोव्हेंबर २०२५ पासून तो कायदा नव्या श्रमसंहितेत गेला. जीवाला धोका वाटला तर कामगाराने मालकाला आणि निरीक्षकाला कळवावं, अशी तरतूद तिच्यात आहे. रात्री दोन वाजता कसारा घाटात धुकं उतरल्यावर निरीक्षकाला कसं कळवायचं, देव जाणे. गाडी बाजूला लावली म्हणून नोकरी जाणार नाही, ही हमी मात्र तिच्यात नाही.

आणि बळजबरी. ‘कोणी करत नाही’ हे मी एका अर्थाने मान्य करतो, कारण तशी गरजच पडत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्याच्या नवले पुलाजवळ ट्रकने गाड्यांची रांगच्या रांग चिरडली. उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली होती, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं. त्या मालकाबद्दल मी बोलत नाही, रिवाजाबद्दल बोलतोय. गाडीचा अॅव्हरेज ठरवून दिलेला असतो. डिझेल वाचलं तर ते ड्रायव्हरच्या खिशात, जास्त लागलं तर त्याच्या हिशोबातून वजा. कात्रजच्या उतारावर न्यूट्रल मार असं त्याला कोणीही सांगत नाही. तो आकडाच सांगतो. फेऱ्यांचंही तसंच. पगार मोजका आणि बाकी सगळं फेरीवर असेल, तर ‘त्यांनाच हव्या असतात’ हे खरंच आहे. भूक लागलेल्यालाही जेवण हवंच असतं.

तुम्हालाही पार्टी उशिराबद्दल भाड्यातून कापते, हे तुम्ही लिहिलंय आणि ते मला पटतं. म्हणूनच मला अमेरिकेतला तो पार्टीला आणि दलालाला धरणारा नियम महत्त्वाचा वाटतो. ड्रायव्हरच्या हक्काची पहिली ढाल तुमच्यासारख्या मधल्या माणसालाच मिळेल.

तुमच्या धंद्यातलं मला कळत नाही, असंही तुम्ही म्हणता. मग एवढं सांगा: तुमचा ड्रायव्हर पावसात घाटाखाली गाडी लावून रात्रभर थांबला, तर त्या रात्रीचा भत्ता त्याला मिळतो का, आणि पार्टीने कापलेले पैसे कोणाच्या नावावर पडतात? हे तुम्ही चांगल्या रीतीने सोडवलं असेल तर लिहून पाठवा, मी ते मूळ लेखात जोडतो.