अंदाजे किती तास लागतील?

सामाईक संगणक-समूहावर काम पाठवताना जो अर्ज भरावा लागतो, त्यातला एक रकाना प्रामाणिकपणे भरणे मनुष्यमात्राला शक्य नाही, असे माझे ठाम मत आहे. प्रोसेसर किती हवेत आणि मेमरी किती हवी, हे सांगता येते. पण काम किती वेळात संपेल हे ते सुरू होण्यापूर्वीच लिहून द्या म्हटले, की तो प्रांत ज्योतिषाचा झाला. त्यातून माझे काम पावसाळी ढगांच्या सिम्युलेशनचे. संगणकातल्या ढगाने जोर धरला आणि वाऱ्याचा वेग चढला, की गणिताला काळाची पावले आखूड टाकावी लागतात. कूरांट, फ्रीड्रिक्स आणि लेवी या गणितज्ञांच्या त्रयीने १९२८ मध्येच ही अट घालून ठेवली आहे. त्यामुळे परवा दिवेलागणीला आटोपलेले काम आज मध्यरात्र उलटली तरी रेंगाळत असते.

तास कमी लिहिले, तर गाठ स्लर्मशी असते. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जन्मलेला हा व्यवस्थापक आज जगातल्या अनेक महासंगणकांवर कामांचे वाटप करतो. मुदत संपली की तो कामाला आवरते घेण्याचा इशारा देतो आणि, कोणी सेटिंग बदललेले नसेल, तर ३० सेकंदांनी त्याचा गळा दाबतो. तेवढ्या वेळात अख्ख्या माळव्याचे आकाश डिस्कवर उतरवून होत नाही.

तास जास्त लिहिले, तर रांग. अमेरिकेतल्याच आर्गॉन प्रयोगशाळेत १९९५ च्या सुमारास रूढ झालेल्या बॅकफिल पद्धतीप्रमाणे, मोठ्या कामासाठी पुरेसे प्रोसेसर मोकळे होईपर्यंत अधल्यामधल्या फटींत छोटी कामे उरकून घेतली जातात. अट एवढीच, की रांगेत सर्वांत पुढे असलेल्याचा मुहूर्त टळता कामा नये. युक्ती नामी आहे, पण फटीत शिरण्यासाठी काम छोटे असावे लागते, आणि मुदतीच्या धाकाने जो तो कमाल मर्यादाच लिहून मोकळा होतो. त्यात आणखी न्याय्य वाटा नावाचे एक प्रकरण आहे. अलीकडे ज्याने यंत्र अधिक वापरले, त्याचा क्रम खाली जातो, आणि हा वापर विसरण्याचा वेगही ठरलेला आहे: मुळातल्या सेटिंगप्रमाणे दर ७ दिवसांनी निम्मा. म्हणजे मी आठवडाभर राबायचे आणि महिनाभर न फिरकलेल्या गृहस्थांनी सोमवारी उगवून माझ्या पुढे जायचे!

हे सारे मी इंदूरच्या रामबागेत आत्याच्या घरी बसून भोगतो. पडद्यावर काम सुरू होण्याची अपेक्षित वेळ दिसते आणि ती सारखी सरकत राहते. आत्या पोह्यांवर शेव घालता घालता विचारते, “अरे, साडेनऊला लागणार होतं ना तुझं?” साडेनऊचे सव्वाबारा झालेले असतात.

अखेर काम लागते, तेव्हा दुसरा छळ सुरू होतो. आकाशाचे समान तुकडे करून एकेका प्रोसेसरला वाटलेले असतात, पण ढग काही समान वाटलेला नसतो. इंदूर-उज्जैनवरच्या तुकड्यांत बाष्प, थेंब, गारा असा सगळा पसारा, तर पलीकडे धारकडे निरभ्र. निरभ्र तुकड्यांचे प्रोसेसर आपला हिशेब झटपट उरकतात आणि हात बांधून बसतात, कारण पंगतीत शेवटच्या माणसाचा दहीभात संपेपर्यंत कोणालाच उठता येत नाही. रखडलेली सगळी मंडळी माझ्या न्याय्य वाट्यातून तास खात असतात, हे वेगळे सांगायला नको.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे इलिनॉय विद्यापीठातले प्राध्यापक लक्ष्मीकांत काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली चार्म प्लस प्लस ही प्रणाली. तिच्यात प्रोसेसरांच्या कितीतरी पट तुकडे पाडतात, काम चालू असतानाच कोणता तुकडा किती वेळ खातो ते मोजतात आणि लादलेल्या प्रोसेसरावरचे तुकडे उचलून रिकाम्याकडे धाडतात. मघाशी जिथे भार होता, तिथेच अजून थोडा वेळ तो राहील, एवढाच माफक विश्वास त्यामागे आहे. ढगाच्या बाबतीत तो बहुधा खरा ठरतो, कारण ढग काही एका क्षणात देवासला पोहोचत नाही. तुकडे हलवण्यातही वेळ जातोच, म्हणून ते ऊठसूट हलवायचे नसतात.

आत्याला मी हे साग्रसंगीत समजावून दिले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “काळे म्हणजे कुठले रे? आपल्या रामबागेतले का?”

“नाही गं आत्या, अमेरिकेतले.”

“असू देत. एवढे हुशार आहेत, तर त्या रकान्यात किती तास लिहायचे, ते त्यांनाच विचार ना!”