सायलेन्सरचा दुपट्टा

आमच्याकडे मे महिन्यात कुणी ‘ऊन लागलं’ म्हणालं, की कुणाला, हे विचारावं लागतं. माणसाला लागतं, म्हशीला लागतं, संत्र्याच्या बागेला लागतं. मागच्या वर्षी आमच्या गाडीला लागलं. तेही वरून नाही, खालून.

गाडी म्हणजे ती डब्यासारखी जुनी व्हॅन, जिचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. हिवाळ्यात तिच्यात बसणं म्हणजे शेकोटीवर बूड टेकून बसणं, फार सुख. पारा पंचेचाळिसाला टेकला की मात्र आमच्या सौभाग्यवती आधी सतरंजीची चौपदरी घडी सीटवर ठेवतात, मग देवाचं नाव घेतात आणि मग बसतात.

पण इतक्या वर्षांत गाडीनं कधी मर्यादा सोडली नव्हती. ती सोडायला लावली ती मीच. शेताकडच्या पांदण रस्त्यात एक गोटा वर निघालेला आहे. तो गावात सगळ्यांना ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे, आणि तरी त्या दिवशी तो माझ्या सायलेन्सरच्या पाइपाला लागला. दारव्ह्याच्या एका वेल्डिंगवाल्याकडे नेली. त्यानं पाइप जोडला, पण जोडताना तो दोन बोटं वर आला. खाली एक पातळ पत्राही लोंबत होता, पोळ्यापासून खडखड वाजायचा.

“हा कायले पाह्यजे सर? नुसता वाजते,” म्हणत त्यानं तो ओढून काढला आणि भंगारात फेकला. मीही म्हटलं, बरं झालं, कटकट गेली.

तो पत्रा म्हणजे पाइप आणि गाडीचा बाकी संसार यांच्यातला एकमेव शहाणा माणूस होता, हे मला नंतर कळलं. इंजिनातून निघतानाच धूर पाचशे-सहाशे अंशांच्या घरात असतो, चढावर जोर पडला की त्याहूनही वर. मागे जाता जाता निवतो, पण निवला म्हणजे काय, आपल्या तव्याइतका राहतो.

आधी सासूबाईंची रबरी चप्पल मागच्या फरशीला चिकटली. त्यांनी पाय उचलला, चप्पल आली नाही. मग मागे ठेवलेली गुळाची ढेप एका बाजूनं पाघळली आणि गाडीत महिनाभर मुंग्यांचं बिऱ्हाड झालं. मागच्या चाकाजवळचं चिखलाचं रबर दुपारच्या बैलासारखं मान टाकून लोंबायला लागलं. तरी मी म्हणत होतो, उन्हाळा आहे, होते असं.

मग आलं भाच्याचं साक्षगंध.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. आधीच्या मालकानं गाडीला रिव्हर्सचा बोलणारा भोंगा बसवला होता. गाडी मागे घेतली की आतली एक बाई ठणठणीत आवाजात सांगायची, “अटेन्शन प्लीज! धिस व्हेइकल इज बॅकिंग अप!” गावातल्या कोंबड्यांना एवढं इंग्रजी समजायला लागलं होतं.

दिग्रसच्या अलीकडे मी पहिला ब्रेक दाबला आणि बाई बोलली. मला वाटलं गिअर चुकला. पाहिलं तर गाडी तिसऱ्यात. पुन्हा ब्रेक, पुन्हा बाई. मागे सहा जण दाटीवाटीनं बसलेले, मांडीवर साडी-चोळीची ताटं, आणि गाडी पुढे चाललेली असताना मागे जात असल्याची दवंडी पिटते आहे. मुलीच्या गावात शिरलो तर दर दहा पावलांवर एक गतिरोधक. मांडवापर्यंत बाईनं अकरा वेळा तरी सांगितलं असेल.

मांडवाच्या दारात मुलीचे काका अडकित्ता घेऊन सुपारी कातरत उभे होते. “काय म्हन्ते वो थे बाई?” त्यांनी घराकडे तोंड करून विचारलं. मुलगी बीएस्सी झालेली. खिडकीतून हसू दाबत म्हणाली, “गाडी म्हन्ते, मी वापस चालली.”

काकांनी अडकित्ता थांबवला. “पावणे, आत्ताच तं आले ना बाप्पा. आतापासूनच माघार?”

भाच्याला घाम फुटला. तो उन्हाचा नव्हता.

साक्षगंध झालं, पण येताना मी ब्रेक दाबलाच नाही म्हटलं तरी चालेल. नुसता गिअर पाडत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी गावातले मिस्तरी गाडीखाली घुसले. खालूनच म्हणाले, “सर, या. पाहून घ्या.” मीही आडवा झालो. मागच्या दिव्यांकडे जाणाऱ्या तारा पाइपाला लगटून ओढलेल्या होत्या. ब्रेकच्या दिव्याची तार आणि भोंग्याची तार एका जागी काळ्या होऊन एकमेकींत विरघळल्या होत्या, करपलेल्या चिक्कीसारखं एकच ढेकूळ. आतलं तांबं तांब्याला भिडलेलं. ब्रेकच्या दिव्याला वीज गेली की तीच वीज भोंग्याला. भोंगा बसवणाऱ्यानं घरातल्या बोर्डाची साधी तार वापरली होती. तिचं आवरण ७० अंशांचं, आणि शेजार कुणाचा, तर सायलेन्सरचा!

आता गाडी दुरुस्त होते आहे हे कळल्यावर ओट्यावर पंचायत भरली. कुणी म्हणालं, पाइपाला शेणमाती लिंपा. कुणी म्हणालं, ओलं पोतं बांधा. एका पोट्ट्यानं खिशात कांदा ठेवतात तसा इंजिनाजवळ कांदा ठेवायचं सुचवलं. मी मोबाइलवरून काचेच्या धाग्यांची एक पट्टी मागवली होती, ती दाखवली. ही म्हणाली, “म्हंजे सायलेन्सरले दुपट्टा!” तिनं एका शब्दात सांगितलं ते त्या पाकिटावर दोन पानं भरून लिहिलं होतं.

पंचायतीत आमचे एक काकाजी होते. शकुंतला रेल्वेवर फायरमन म्हणून राबलेले. यवतमाळ ते मूर्तिजापूरच्या त्या नॅरोगेजवर १९९४पर्यंत वाफेचं इंजिन धावायचं. मँचेस्टरला १९२१ साली बनलेलं. काकाजींनी तोंडातला खर्रा एका गालात सरकवला. “बॉयलरवर बी अस्संच राहे. आंगाले ऊब धरनारं गुंडाळलेलं, वरतून पत्रा. पन तुह्या तारा आधी दूर कर. आन पत्रा चिटकवू नको, मधात बोटभर हवा ठेव. कवेलूच्या घरात माळा कायले असते?”

मिस्तरींनी तसंच केलं. तारा चेसिसच्या दुसऱ्या अंगानं नेल्या, नळीत घालून क्लिपा मारल्या. खरं म्हणजे अर्धा आजार तिथंच गेला. मग तेलाचा रिकामा पिपा कापून चकचकीत बाजू पाइपाकडे करून लावला, मध्ये नटांचे टेकू देऊन. इंजिनाच्या तोंडाशी मात्र पिप्याचा पत्रा नको म्हणाले. त्याची कल्हई २३२ अंशांना वितळते. तिथं जाड लोखंडी पत्रा ठोकला.

राहिला दुपट्टा. तो मी हौसेनं स्वतः बांधला. पट्टी पाण्यात भिजवायची, अर्ध्यावर अर्धी चढवत घट्ट गुंडाळायची, टोकांना स्टीलच्या पट्ट्या आवळायच्या. हे सगळं पाकिटावर होतं. हातमोजे घाला हेही होतं, पण ते बारीक अक्षरात होतं. तीन दिवस मी कोपरापासून मानेपर्यंत असा खाजवत होतो, की खाजकुइलीनं लाजावं. मुलांना वाटलं सरांना गोवर झाला. तिसऱ्या दिवशी त्यांनी शाळेत येताना माझ्यासाठी कडुलिंबाचा पाला आणला.

आणि गाडी सुरू केली तर सीटखालून धुराचा लोट. पट्टीतला चिकट पदार्थ पहिल्यांदा जळतो, धूर होतो, निघून जातो. पाकिटावर हेही होतं. पण शेजारच्या खळ्यात सोयाबीनच्या कुटाराची गंजी, आणि गरम सायलेन्सरखाली कुटार पेटल्याचं गावानं एकदा पाहिलेलं. चार घरच्या बादल्या धावत आल्या. मी “थांबा, थांबा!” म्हणेपर्यंत मला, गाडीला आणि सौभाग्यवतींच्या सतरंजीला आंघोळ झाली. मिस्तरी शांतपणे म्हणाले, “बरं झालं. पावसायात हे असंच ओलं राहून पाइप सडवते. पह्यल्या पावसाच्या आधी काढून घेजा.”

लग्न मे महिन्यात होतं. भाचा म्हणाला, “मामा, दुसरी गाडी करू का?” मी ऐकलं नाही. जाताना एकदाही बाई बोलली नाही. फरशीवर चप्पल चिकटली नाही. मांडवात पोचल्यावर मी मुद्दाम दोनदा ब्रेक दाबून काकांना दाखवलं.

बिदाईच्या वेळी नवरानवरी मागे बसली. गल्ली अरुंद, गाडी मागे घेतल्याशिवाय निघणार नव्हती. मी रिव्हर्स टाकला. बाई खणखणीत बोलली, बरोबर बोलली. पण गाडी हलेना. ॲक्सिलरेटर दिला, तरी हलेना. उतरून पाहिलं.

मागच्या दोन्ही चाकांमागे एकेक गोटा लावून ठेवला होता. काका भिंतीला टेकून, दुसरीकडे पाहत, सुपारी कातरत उभे होते.