चौल पडलं नाही कारण दर्या मोकळाच राहिला

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन रेवदंड्याला, म्हणजे पोर्तुगीजांच्या जुन्या चौलला, गेलतो. आम्ही परंड्याचे, किल्ला बघतच लहानाचे मोठे झालो, पण कोटाच्या आत नारळ-सुपारीच्या वाड्या अन् सातखणी मनोऱ्याचे उरलेले चार मजले बघून थांबलोच. पोरगं म्हणलं, पप्पा, हे आपल्याला का नाही जिंकता आलं?

"आपल्याला" म्हणलं ते, अन् मला लई बरोबर वाटलं. कारण डिसेंबर १५७० मध्ये ह्या चौलला वेढा घातला तो नगरच्या मुर्तजा निजामशहानं, अन् आपलं परंडा, दौलताबाद त्याच्याच राज्यात. तिकडं गोव्याला विजापूरचा अली आदिलशहा, खाली मलबारात कालिकतचा राजा सामुरी, असं तिघांनी मिळून पोर्तुगीजांना एकदम घेरलेलं. आणि चौल शहराला तेव्हा आजच्यासारखा तटही नव्हता, घरं अन् चर्च हेच त्यांचे बुरूज, एकेका घरासाठी मारामारी झाली. तरी जुलै १५७१ ला वेढा उठवावा लागला.

लोक म्हणतात पोर्तुगीजांच्या तोफा भारी. मला नाही पटत. आपल्याकडं तोफा कमी नव्हत्या हो, मलिक-ए-मैदान ही भली मोठी तोफ १५४९ ला नगरलाच ओतली, १६३२ ला विजापूरला नेली त्याआधी ती आमच्या परंड्यातच होती! जमिनीवरून कितीबी आवळा, दर्याच्या बाजूनं गोव्याहून, वसईहून माणसं, दारूगोळा, धान्य येतच राहिलं. सामुरीची गलबतं मदतीला आली, पण त्यांनाबी ती वाट बंद करता आली नाही. पोर्तुगीजांचा व्हाइसरॉय लुईस द अताईद स्वतः गोव्यात वेढ्यात अडकलेला, त्याची माणसं म्हणत होती चौल सोडून द्या, तरी त्यानं कुमक पाठवली.

आणि फिरिश्ता हा इतिहासकार, जो पुढं निजामशाही दरबारातच नोकरीला होता, तो लिहितो की निजामशहाच्या सरदारांनी पोर्तुगीजांकडून प्यायची दारू अन् नजराणे घेतले अन् रात्री रसद आत जाऊ दिली. हे वाचलं की पोटात तुटतं. खंदकात मेले ते साधे शिपाई, आपल्याच भागातल्या गावांचे असतील, त्यांचं नाव कुठंच नाही.

बावीस-तेवीस वर्षांनी निजामशाहीनं खाडीपलीकडं कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधायला घेतला, म्हणजे पाण्याची वाट धरायची हे कळलं होतं. १५९४ ला तोबी पोर्तुगीजांनी घेतला. पोराला ती टेकडी बोटानं दाखवली, खालून मासेमारीच्या होड्या खाडीत शिरत होत्या, ते बराच वेळ त्यांच्याकडंच बघत राहिलं.