पांढऱ्या पायाचा मेंबर

आमचा सेंट किल्डा, म्हणजे मेलबर्न शहरातला फूटीचा (ऑस्ट्रेलियन फुटबॉलचा) क्लब, जिंकला आणि मी ते पाहिलं नाही. स्टेडियममध्ये होतो, मेंबरशिप होती, राखीव सीट होती, सीटवर लाल-पांढरा-काळा स्कार्फही अंथरलेला होता. फक्त त्यावर मी नव्हतो. मी खाली बटाटे तळणाऱ्या गाळ्यासमोर एका खांबाला टेकून उभा होतो. कारण शेजारच्या सीटवरच्या आजीबाईंनी मला तिकडे धाडलं होतं.

27 जुलै 2025, रविवार, डॉकलंड्सचं स्टेडियम, समोर मेलबर्न नावाचाच क्लब. तिसरं क्वार्टर संपलं तेव्हा आम्ही 46 गुणांनी मागे. ज्यांना फूटी ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, इथे गोलाला सहा गुण. म्हणजे जवळजवळ आठ गोलांचं ओझं आणि हातात चारपैकी एकच क्वार्टर. शहाणी माणसं पोरांना जॅकेटं चढवून ट्रामकडे निघाली होती. आणि आम्ही 6 गुणांनी जिंकलो! शेवटच्या क्वार्टरच्या सुरुवातीला एवढं मागे असूनही जिंकायचं, हे या लीगमध्ये आजवर कुणालाच जमलं नव्हतं. लीग 1897 पासून चालू आहे.

आणि मी खांबाला टेकलेला.

सेंट किल्डा म्हणजे काय चीज आहे हे कळल्याशिवाय माझा जळफळाट कळणार नाही. लीग सुरू झाल्यापासून पहिले सलग 48 सामने आम्ही हरलो. पहिला विजय 1900 साली मिळाला, तोही बरोबरीत सुटलेल्या सामन्यावर तक्रार गुदरून. प्रतिस्पर्ध्याचा एक गुण घंटा झाल्यानंतरचा होता, तो रद्द करून घेतला आणि एका गुणानं जिंकलो. तेव्हाही समोर मेलबर्नच होता. लीग सुरू झाल्यापासून आजवर 27 वेळा आम्ही तळाला राहिलोय. इतक्या वेळा दुसरा कुठलाही क्लब राहिलेला नाही. सव्वाशे वर्षांत कप एक, 1966 चा. कॉलिंगवूडविरुद्ध 74-73. तो जिंकून देणारा शेवटचा एक गुण बॅरी ब्रीननं मारला, आणि फूटीत एक गुण मिळतो तो गोल हुकल्यावर. मधल्या दोन खांबांऐवजी बाजूच्या खांबातून चेंडू गेला की उत्तेजनार्थ एक. सांगलीला आईला हे फोनवर समजावून सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "म्हणजे एकदाच जिंकले आणि तेही नेम चुकून?"

"हो."

"मग दुसरी टीम धर की रे."

आमच्या मराठी मंडळातले एक काका हेच करतात. 2013 ते 15 हॉथॉर्ननं सलग तीन कप घेतले, तेव्हा ते हॉथॉर्नचे. 2017 पासून रिचमंडचे. 2023 ला कॉलिंगवूड जिंकल्यावर गणपतीच्या बैठकीला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर घालून आले, 2024 ला ब्रिस्बेन. दरवर्षी नवी खरेदी, पण चेहऱ्यावर तेज कायम! मी मात्र या शहरात आल्यावर पहिलं घर भाड्यानं घेतलं ते मुराबिनजवळ, म्हणजे सेंट किल्डाच्या जुन्या मैदानापाशी, आणि घरमालकानं किल्लीबरोबर हे प्रकरणही गळ्यात मारलं. गाव कुठलं हे विचारल्याशिवाय आपल्याकडे जशी ओळख पुढे सरकत नाही, तसं मेलबर्नमध्ये टीम कुठली ते आधी सांगावं लागतं. मी सेंट किल्डा म्हटलं की समोरचा माणूस खांद्यावर हात ठेवतो. त्या हातात सहानुभूतीच जास्त असते.

असो. आजीबाई.

राखीव सीटचा तोटा असा की शेजारीही राखीव असतो. माझ्या उजव्या हाताला गेली कित्येक वर्षं या बाई आहेत. डोक्यावर स्वतः विणलेली तिरंगी कानटोपी, मांडीवर थर्मास, एका कानात रेडिओची बोंडी. सामना डोळ्यांसमोर चाललेला असताना रेडिओ कशाला, तर अंपायर खोटं बोलतात म्हणून. कोटावर खेळाडूंचे बिल्ले. हार्वी, रीवोल्ट, हेज. टोनी लॉकेटचाही आहे, पण उलटा टोचलेला, कारण तो 1995 ला सिडनीकडून खेळायला लागला. तीस वर्षं झाली. अजून सरळ केलेला नाही.

तर तिसरं क्वार्टर संपलं. बाईंनी कानातली बोंडी काढली. त्या बोंडी काढतात म्हणजे प्रकरण गंभीर असतं.

"लव," त्या म्हणाल्या (इथल्या आजीबाया सगळ्यांना लव म्हणतात, त्यात प्रेम असतंच असं नाही), "पहिल्या हाफमध्ये तू टॉयलेटला गेला होतास."

"गेलो होतो."

"तेव्हा आपला गोल झाला."

"झाला असेल."

"असेल नाही. झाला. मग चहा आणायला गेलास. तेव्हाही झाला."

"योगायोग—"

त्यांनी सामन्याची पुस्तिका माझ्यासमोर धरली. तिच्यात त्या पेन्सिलीनं प्रत्येक गोल टिपतात, हे माहीत होतं. समासात आणखी एक रकाना आहे, हे माहीत नव्हतं. वर माझ्या सीटचा नंबर. खाली बारीक अक्षरात: आत, बाहेर, आत, बाहेर. प्रत्येक 'बाहेर'पुढे एक टिकमार्क. 'आत'पुढे काय होतं ते सांगत नाही.

"तुला कळतंय ना?" त्या म्हणाल्या.

मला कळत नव्हतं असं दाखवायचा मी प्रयत्न केला. मग त्यांनी घराण्याचा इतिहास काढला. 1966 च्या फायनलला त्यांचे वडील शेवटच्या मिनिटांत ताण सहन न होऊन स्टँडमागे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. बॅरी ब्रीनचा तो एक गुण त्यांनी पाहिला नाही. म्हणून तो झाला. 1971 ला वडिलांना वाटलं, एकदा तरी डोळ्यांनी बघू. बसले. हॉथॉर्नकडून सात गुणांनी हार. 1997 ला जबाबदारी नवऱ्यावर आली, तो म्हणाला असल्या खुळचटपणावर माझा विश्वास नाही. अ‍ॅडलेडनं 31 गुणांनी धुतलं. "त्यानंतर ठेवला त्यानं विश्वास," बाई म्हणाल्या. 2009 ला जावई. संबंध मोसमात आम्ही दोनच सामने हरलो होतो, फायनलला जावई सांगितल्याप्रमाणे बाहेर होता, पण शेवटी शेवटी मोह आवरला नाही आणि आत डोकावला. जीलॉंग 12 गुणांनी पुढे.

"आणि 2010?" मी विचारलं. विचारायला नको होतं, पण गोष्ट रंगली होती.

"2010 ला तो जिन्यात उभा राहिला. एक पाय आत, एक बाहेर." त्या थांबल्या. "68-68."

हा आकडा खरा आहे. त्या फायनलला बरोबरी झाली होती, कॉलिंगवूडशी. शेवटच्या काही मिनिटांत स्टीफन मिल्नच्या पुढ्यातून चेंडूनं असा काही आडवा टप्पा घेतला की गोल व्हायचा तिथे एक गुण झाला, आणि तो टप्पा आठवला की लाल-पांढरा-काळा स्कार्फवाला कुठलाही माणूस आजही घास खाली ठेवतो. पुढच्या शनिवारी पूर्ण सामना पुन्हा खेळवला. त्या दिवशी या कुटुंबातलं कुणीच बाहेर गेलं नाही. 56 गुणांनी हरलो.

"मग आजही जावयालाच पाठवा की," मी म्हणालो. तो पलीकडच्याच सीटवर होता.

"त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्याला उभं राहवत नाही."

जावयानं गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. आमची अख्खी रांग माझ्याकडे बघत होती. इतकी वर्षं या लोकांच्या मध्ये बसतोय, एकानंही कधी माझं नाव विचारलं नाही, 'मेट'वर सगळं भागतं. पनवती म्हणून मात्र माझी निवड एकमतानं झाली. आणि गंमत बघा, माझ्याआधी त्यांनी स्वतःचा बाप, नवरा आणि जावई हाकलला असल्यामुळे वर्णद्वेषाची तक्रार करायचीही सोय उरली नव्हती.

"जाताच आहेस तर चिप्स आण," बाई म्हणाल्या आणि वीसची नोट हातात कोंबली. "व्हिनेगर वेगळं. आणि सायरन झाल्याशिवाय वर येऊ नकोस."

मी का गेलो? कारण आपणही त्याच मातीतले. 2011 च्या वर्ल्ड कप फायनलला सचिन आउट झाला तेव्हा आत्याचे मिस्टर नेमके पाणी पिऊन हॉलमध्ये आले होते. त्यांना आम्ही गॅलरीत काढलं आणि आतून कडी घातली. धोनीनं षटकार मारला तेव्हा ते गॅलरीत समोरच्या बिल्डिंगच्या टाक्या बघत होते. अजून त्यावरून टोमणे मारतात. परवा त्यांना फोन करून माझी कहाणी सांगितली, तर सहानुभूती राहिली बाजूला, म्हणाले, "तुला निदान चिप्स तरी मिळाले."

खाली गाळ्याच्या वर एक टीव्ही होता. आवाज बंद. आणि तो मैदानापेक्षा काही सेकंद मागे चालत होता. ही काय चीज आहे ते ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल. आधी डोक्यावरच्या स्टँडमधून गर्जना यायची, पायाखालची फरशी थरथरायची, आणि मग पडद्यावर आमचा खेळाडू चेंडूकडे निवांत धावायला लागायचा. काय होणार ते मला ठाऊक, त्याला नाही. गाळ्यावर एक पंजाबी विद्यार्थी होता. प्रत्येक गर्जनेला मी दचकायचो आणि तो नम्रपणे विचारायचा, "अंकल, और कुछ?"

गोल होत गेले. 46 चे 30 उरले, 30 चे 20. हातात चिप्सचा डबा, बोटांना व्हिनेगर, आणि वर जिन्यातून प्रकाशाची एक पट्टी. तेवढ्या पट्टीत उभं राहिलं असतं तर अर्धं मैदान दिसलं असतं. पण जिना म्हणजे 2010. मी हललो नाही.

शेवटच्या काही सेकंदांत आमच्या नेझाया वंगनीन-मिलेरानं गोल मारून बरोबरी केली. हे मला गर्जनेवरून कळलं. मग मधे चेंडू टाकायची वेळ आली, आणि पडद्यावर अंपायर एकदम हात करून फ्री किक देताना दिसला. कुणाला, का, काही कळेना. आवाज नाही! पंजाब्याला विचारलं तर तो म्हणाला, "अंकल, मैं तो क्रिकेट देखता हूँ." नंतर समजलं की मेलबर्नचे खेळाडू नेमून दिलेल्या जागी नव्हते. मधे चेंडू पडताना पुढे सहा, मधे सहा, मागे सहा असे उभे राहावे लागतात. त्यांचा हिशेब चुकला. रोवन मार्शलनं ती फ्री किक पुढे मारली, वंगनीन-मिलेरानं चेंडू झेलला, सामना संपल्याचा सायरन वाजला. सायरननंतरही झेलणाऱ्याला किक मिळते. पडद्यावर तो मोजे वर ओढत होता, चेंडू हातात फिरवत होता, आणि माझ्या डोक्यावरचं सगळं काँक्रीट आनंदानं हादरत होतं. त्यानं किक मारायच्या आधीच मला माहीत होतं की गोल झालाय. सेंट किल्डाच्या इतिहासातला हा सर्वांत थरारक क्षण असावा, आणि त्यात मला थरार तेवढा मिळाला नाही.

खिशात फोन वाजला. बायको. या बाईनं आजवर एक सामना धड पाहिलेला नाही, चेंडू लांबट का असतो इथपासून सुरुवात. त्या दिवशी इस्त्री करता करता टीव्ही लावला म्हणे.

"अरे काय मॅच झाली! तो शेवटचा कॅच! तू होतास ना तिथे? कॅमेऱ्यात शोधत होते मी, तुझी सीट रिकामी दिसली."

मी वर गेलो. अनोळखी माणसं मिठ्या मारत होती, कुणीतरी माझ्या कपाळाचा मुका घेतला. बाई रडत होत्या. मला बघून त्यांनी दोन्ही हात पसरले, मीही क्षणभर विरघळलो. त्यांनी डबा घेतला, एक चिप तोंडात टाकली आणि म्हणाल्या, "गार झालेत."

रांग पांगताना त्यांनी पुस्तिकेतलं ते पान मला दाखवलं. शेवटच्या क्वार्टरच्या समासात 'बाहेर' आणि त्यापुढे टिकमार्क, टिकमार्क, टिकमार्क. पुढच्या घरच्या सामन्याला लवकर ये, म्हणजे गाळ्यापाशी चांगली जागा मिळेल, असंही सांगितलं. मेंबरशिपचे पैसे मी भरतो. सीटवर थर्मास बसणार.

तेव्हा मी ठरवलंय, बाईंना स्पष्ट सांगायचं की घराण्याची परंपरा घराण्यातच राहू द्या. जावयाला पाठवा. त्याच्या गुडघ्याला काहीही झालेलं नाही. मी जिना चढून आलो तेव्हा तो सीटवर उभा राहून उड्या मारत होता.