मातीची ओळख कुणाला आहे : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया ‘ताई’ अशी सुरू होते आणि तिसऱ्या ओळीत ‘फ्लॅटमध्ये वाढलेल्या बायकांनी शेतीचे धडे देऊ नयेत’ इथवर पोचते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाल्कनीतल्या भाजीसाठी मी माझ्या लेखात सुचवलेलं मिश्रण, म्हणजे एक भाग लाल माती, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या सालीचा भुसा) आणि एक भाग कंपोस्ट, तुम्हाला पटलेलं नाही. ‘कुंडीत भुसा भरायला सांगणाऱ्याला मातीची ओळखच नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. शिवाय कंपोस्टला वास येतो, निंबोळी तेलाने काही होत नाही आणि ‘तुमच्यासारख्यांच्या ताटल्यांमुळे सोसायटीत डेंग्यू पसरतो’. नाशिककडे तुमची द्राक्षं आणि टोमॅटो आहेत, हेही तुम्ही सांगितलंत.

ताटल्यांचं आधी. मुद्दा बरोबर आहे, मान्य करते. डेंग्यूचा डास घरातल्या अशाच साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्याचा डास व्हायला आपल्या हवेत साधारण 8 ते 10 दिवस लागतात, म्हणून कुंडीखालची ताटली आठवड्यातून एकदा रिकामी करून घासायची. नुसती ओतून भागत नाही, कारण कडेला चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्महिने टिकतात. ही ओळ मी लेखात घातली आहे. पण हेच ‘तुमच्यासारख्यांच्या’ न म्हणताही सांगता आलं असतं.

आता त्या एका वाक्याकडे येते, कारण ते मला लागलं.

मी फ्लॅटमध्ये वाढलेली नाही. मी घणसोलीची, आगऱ्याची मुलगी. आज जिथे सेक्टर आणि टॉवर आहेत तिथे आमची खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या खारट जमिनीत, भातशेती होती. नवी मुंबई वसवताना ती गेली आणि मग आम्ही फ्लॅटमध्ये आलो. तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही, पण माहीत नसताना कुणी कुठे वाढलं हे ठरवायचंही कारण नव्हतं.

खाजणातली जमीन तुम्ही कसली नसेल. खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून बांध आणि बांधाला उघाडी, म्हणजे पाणी सोडायची झडप. उन्हाळ्यात जमिनीवर मिठाची पांढरी खपली चढायची. पहिल्या पावसाचं पाणी बाबा शेतात तुंबवून ठेवायचे, ते मीठ ओढून घ्यायचं, मग ओहोटी बघून उघाडीतून सोडून द्यायचे. पुन्हा पाणी भरायचं, पुन्हा सोडायचं. मीठ उतरल्याशिवाय लावणीला हात नाही. घाई करणाऱ्याची रोपं शेंड्यापासून करपलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

मी लेखात कोकोपीट ‘धुतलेलं’ म्हटलं ते याच कारणाने, आणि नेमका तोच शब्द तुम्ही सोडलात. काथ्या काढण्यासाठी नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, बऱ्याचदा खाऱ्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे कोकोपीटच्या विटेत क्षार येतात. वीट भिजवायची, पिळायची, परत भिजवायची. न धुता तसंच कुंडीत घातलं तर मिरचीच्या पानांच्या कडा तपकिरी होतात आणि माणूस खत कमी पडलं म्हणून आणखी खत घालतो.

बाबांची माती बघायची रीतही सांगते. ओलसर माती मुठीत घट्ट दाबायची आणि मूठ उघडायची. ‘मुठीन धर नि सोर,’ म्हणायचे. गोळा झालाच नाही तर ती पाणी धरणार नाही. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावरही तसाच राहिला तर मुळांना श्वास मिळणार नाही. टोचल्यावर भुसभुशीत सुटला तर चांगली. माझं मिश्रण मी आजही याच कसोटीवर घेते.

शेतातली माती कुंडीत चालत नाही, याचं कारण माती वाईट असते हे नाही. शेतात पाणी खाली झिरपत राहतं, गांडुळं जमीन पोखरतात, मुळांना खोली मिळते. कुंडीला भोक असलं तरी तळाचा थर चिंब राहतो, कारण बारीक कण पाणी सोडत नाहीत, आणि कुंडी जितकी उथळ तितका तो थर मुळांच्या जवळ. तळाला विटांचे तुकडे घालूनही तो जात नाही, उलट तेवढाच वर सरकतो. ठाणे-नवी मुंबईत चार महिन्यांत साधारण 2500 मिलिमीटर पाऊस पडतो. तुमची काळी माती इथे कुंडीत भरलीत तर जुलैमध्ये चिखल होईल. मार्चमध्ये ती आक्रसून कुंडीची कड सोडेल, घातलेलं पाणी कडेकडेने निघून जाईल आणि मधला गोळा कोरडाच राहील. शिवाय ओली माती लिटरला दीड किलोच्या वर भरते. 20 लिटरची एक पिशवी म्हणजे 30 किलो, आणि अशा पिशव्या चौथ्या मजल्याच्या बाल्कनीत ओळीने ठेवायच्या असतात.

आणि ‘भुसा’ म्हणालात म्हणून सांगते. नाशिकच्या रोपवाटिकांत टोमॅटोची रोपं ट्रेमध्ये कोकोपीटवरच तयार होतात. तुम्ही लावता ती रोपंही बहुधा तिथूनच येत असतील. तिथे चालतं ते माझ्या बाल्कनीत अडाणीपणाचं कसं ठरतं, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

कंपोस्टच्या वासाबद्दल लेखात पुरेसं आहे. ओल्या कचऱ्यावर दर वेळी सुका पाला घातला की वास येत नाही. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, थोड्या साबणाच्या पाण्यात, संध्याकाळी, आणि मावा किंवा पिठ्या ढेकूण नुकताच दिसल्यावर मारलं तर उपयोग होतो. झाड पांढरं झाल्यावर मारलं तर नाही. द्राक्षबागेतली औषधं मी बाल्कनीत मारणार नाही. खालच्या मजल्यावरच्या दोरीवर तान्ह्या बाळाचे कपडे वाळत असतात. यावर मला वाद घालायचा नाही.

तुमची प्रतिक्रिया मी काढलेली नाही, काढणारही नाही. काळ्या मातीत तुम्ही टोमॅटोला पाणी किती दिवसांनी देता आणि मर रोग कसा आवरता, ते लिहिलंत तर मला आणि इथल्या वाचकांना हवंच आहे. फक्त पुढच्या वेळी ‘ताई’ म्हणाल तर ते शेवटच्या ओळीपर्यंत राहू द्या.